एका रकान्यातला ‘नो’

सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवरची कुठलीही बिड उघडा. पहिल्याच पानावर, हिंदी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असलेला एक तक्ता दिसतो. बिड कधी बंद होणार, मंत्रालय कुठलं, नग किती, ही माहिती संपली की दोन ओळी येतात. अनुभवाची वर्षं आणि उलाढाल या अटींतून सूक्ष्म-लघु उद्योगाला सूट आहे का, ही पहिली. स्टार्टअपला आहे का, ही दुसरी. समोर ‘यस’ किंवा ‘नो’. टेंडर भरणारा लहान माणूस बाकीची पानं नंतर वाचतो, आधी या दोन ओळी बघतो. ‘नो’ दिसलं की पान बंद करून पुढची बिड शोधायला लागतो. लहान उद्योगांचं धोरण, दलित-आदिवासी उद्योजकांसाठी राखलेला वाटा, महिला उद्योजकांच्या नावाने होणारी शिबिरं, सगळ्याची कसोटी या रकान्यापाशी लागते. आणि हा रकाना भरतो खरेदी शाखेतला कुणी तरी कर्मचारी, बहुधा मागच्या वर्षीची बिड समोर ठेवून.

कायदा लहानांच्या विरोधात आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही. २३ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. त्याला आधार २००६च्या एमएसएमई विकास कायद्याच्या कलम ११चा. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षभराच्या खरेदीपैकी किमान २० टक्के या उद्योगांकडून करायची, आणि एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. पहिली तीन वर्षं सवय व्हावी म्हणून सोडली आणि १ एप्रिल २०१५पासून ते बंधनकारक केलं. २०१८च्या नोव्हेंबरात २०चे २५ झाले, महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वेगळे काढले गेले. टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ. कागद पाहिला तर तक्रारीला जागा नाही.

आता हिशेब पाहू. सार्वजनिक उपक्रमांनी कुणाकडून किती घेतलं, हे दाखवायला २०१७ सालापासून ‘संबंध’ नावाचं पोर्टल आहे. त्यावर सगळ्या लहान उद्योगांचा मिळून वाटा २५ टक्क्यांच्या वर दिसतो, अलीकडे बराच वर. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांचा वाटा मात्र ४ टक्क्यांच्या जवळपासही गेलेला नाही. वर्षानुवर्षं तो एक टक्क्याच्या आगेमागे घुटमळतो आहे. म्हणजे लहानांकडून घ्यायला सरकारचे हात अडत नाहीत. अडतात ते लहानांतल्या एका विशिष्ट लहानाशी.

अडले तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण आदेशातच तशी सोय आहे. राखीव गटातले उद्योजक टेंडरमध्ये उतरलेच नाहीत, किंवा अटींत आणि सर्वांत कमी भावात बसले नाहीत, तर हे ४ टक्के इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून पुरे करावेत, असं तिथे लिहिलं आहे. नोकरीतल्या आरक्षणात अनुशेष नावाची गोष्ट असते. जागा भरली नाही तर ती पुढे ओढली जाते, त्यावरून मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. खरेदीतल्या आरक्षणाला अनुशेषच नाही. ३१ मार्चला वर्ष संपतं, न भरलेला वाटा हवेत विरतो आणि १ एप्रिलला पाटी कोरी. अट अशी लिहायची की राखीव गटातला माणूस बसू नये आणि मग तो बसत नाही म्हणून त्याचा वाटा दुसऱ्याला द्यायचा, हे काम कुणाच्याही मनात कपट नसताना बिनबोभाट होऊन जातं.

‘जेम’ला मात्र सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. ९ ऑगस्ट २०१६ला ते सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला डीजीएस अँड डी हे जुनं खरेदी महासंचालनालय बंद झालं. त्या महासंचालनालयाच्या ‘रेट कॉन्ट्रॅक्ट’साठी दिल्लीत मुक्काम ठोकून बसलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना हा बदल किती मोठा ते सांगावं लागणार नाही. आज जतमधला किंवा धडगावचा माणूस घरबसल्या विक्रेता म्हणून नोंद करू शकतो. कुणी किती भाव भरला, कुणाला का बाद केलं, हे पडद्यावर दिसतं. छोट्या ऑर्डरवरचं शुल्कही अलीकडे काढलं. २०२४-२५ या एका वर्षात या पोर्टलवरून ५ लाख ४३ हजार कोटींची खरेदी झाली. एवढा मोठा बाजार देशात दुसरा कुणी उभा केलेला नाही.

पण सोपं झालं ते दुकान. दुकानात शिरायला काय लागतं ते ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाकडेच राहिला. प्रत्येक बिडला खाली ‘एटीसी’ जोडता येतात, म्हणजे खरेदीदाराच्या स्वतःच्या जादा अटी. या धंद्यात मुरलेली माणसं बिड खालून वर वाचतात ती एटीसींमुळे. छापील भागात सरकार उदार असतं, खरी बिड तिथे असते.

तंत्रज्ञानाच्या खरेदीत तर हे जास्तच बोचतं. कारण लहान माणसाला भांडवलाशिवाय उतरता येईल असा हा धंदा. सॉफ्टवेअर लिहायला शेड लागत नाही, एमआयडीसीत प्लॉट लागत नाही, थ्री-फेजचं कनेक्शन लागत नाही. शिकलेली चार-पाच मुलं, चांगली यंत्रं आणि नेट असलं की नांदेडला बसूनही मंत्रालयाचं काम करता येतं. पहिल्या पिढीत शिकलेल्या, बापजाद्यांची मालमत्ता नसलेल्या मुलामुलींना उद्योजक करायचं असेल, तर सरकारच्या हातात याहून स्वस्त साधन नाही.

होतं काय, ते एका साध्या उदाहरणावरून पाहा. समजा, एका खात्याला वसतिगृहाच्या प्रवेशासाठी ऑनलाइन व्यवस्था हवी आहे. अर्ज घ्यायचे, गुणवत्ता यादी लावायची, पालकांना संदेश पाठवायचा. दोन-चार महिन्यांचं काम, किंमत फार तर दहा-बारा लाख. पण टेंडर काढायचंच आहे तर त्यातच कार्यालयाला लागणारे संगणक घ्यावेत, असं कुणाला तरी सुचतं. मग सर्व्हर किंवा क्लाउड. मग कार्यालयांतून बसवायचे डेटा एंट्री ऑपरेटर. मग पाच वर्षांची देखभाल. बारा लाखांचं काम क्लब होऊन अडीच कोटींचं होतं. अडीच कोटींच्या कामाला शोभेल अशी उलाढाल मागायलाच हवी. मागच्या तीन वर्षांत असंच एक काम केल्याचा दाखला मागायला हवा. सीएमएमआय लेव्हल ३ किंवा ५चं प्रमाणपत्र, दोन-तीन आयएसओ, आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीचं अधिकारपत्र. हे ‘ओईएम ऑथोरायझेशन’ लहान विक्रेत्याला कंपनी देतच नाही, कारण तिने ते आपल्या मोठ्या वितरकाला आधीच देऊन ठेवलेलं असतं.

टेंडर मोठ्या कंपनीला मिळतं. ती कंपनी वसतिगृहाचं सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाही. तिच्या लेखी ते फुटकळ काम. ती ते खाली देते, आणि खालच्याने आणखी खाली द्यावं यात कुणाला वावगं वाटत नाही. शेवटी कोड लिहिते ती तीच पाच पोरांची टोळी, जिला टेंडरच्या पहिल्या पानावर ‘नो’ म्हटलं होतं. भाव अर्थात बारा लाख नसतो, त्याचा एखादा लचका असतो. आणि हे काम त्यांनी केलं असा दाखला त्यांना कधीच मिळत नाही, कारण कागदावर काम मोठ्या कंपनीचं. पुढच्या टेंडरला ‘अनुभव शून्य’ लिहून ती पोरं पुन्हा बाद. सरकार ज्यांच्या अनुभवाबद्दल शंका घेतं, त्यांच्याच हातचं सॉफ्टवेअर सरकार रोज वापरतं.

आणखी एक मेख अशी, की हे धोरण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे, व्यापाऱ्याला नाही. उद्देश योग्यच होता. नाहीतर बाहेरून माल आणून सरकारच्या माथी मारणारे दलाल ही सवलत फस्त करतील. पण तालुक्याच्या गावी संगणकाचं काम करणारा माणूस सहसा थोडं विकतो, थोडं जोडतो, थोडं दुरुस्त करतो. कायद्याच्या नजरेत तो संगणक विकतो तेव्हा व्यापारी, आणि नेटवर्क टाकतो तेव्हा सेवा देणारा. बिड संगणकाची निघाली तर त्याचं लहान उद्योगाचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र असून नसून सारखं. म्हणून वस्तू आणि सेवा एकाच टेंडरमध्ये घातल्या की लहानाचं दुहेरी नुकसान होतं. सेवेत तो पात्र ठरला असता, वस्तूने त्याला ओढून बाहेर काढलं.

बिडमध्ये पात्र ठरला तरी सवलत म्हणजे नेमकं काय मिळतं? सर्वांत कमी भाव मोठ्या कंपनीचा आला आणि लहानाचा भाव त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर लहानाला विचारलं जातं: या भावात करतोस का? काम तोडून देता येत असेल तर त्यातला ठरलेला हिस्सा, तोडता येत नसेल तर पूर्ण काम त्याला देता येतं. म्हणजे मोठ्याने १० लाख भरले आणि याने ११ लाख ४०, तर याने १० लाखात करायचं. सवलत ती एवढीच: मोठ्याच्या भावात काम करायची मुभा. मोठ्याला तो भाव इतर दहा कामांच्या जोरावर परवडतो. याच्याकडे इतर दहा कामं असती तर सवलत लागली असती कशाला?

हे लिहिताना खरेदी अधिकाऱ्याला खलनायक करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्याच्या खुर्चीत बसून बघा. मोठ्या कंपनीला काम दिलं आणि ते फसलं, तर कंपनी फसली. लहान, नवख्या, कुणी नाव न ऐकलेल्या फर्मला दिलं आणि फसलं, तर साहेब फसले. लेखापरीक्षक विचारणार, उलाढालीची अट का शिथिल केली? दक्षता विभाग विचारणार, या फर्मशी आपला काय संबंध? माहितीच्या अधिकारात कुणी फाइल मागणार. उलट ‘नो’ लिहिल्याबद्दल आजवर कुणाला नोटीस गेली आहे? नियमातला शब्दही त्याला मोकळीक देतो. गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पाळले जात असतील तर अनुभव-उलाढालीची अट शिथिल करता येईल, असं त्यात आहे. ‘करता येईल’, ‘करावी’ नव्हे. सरकारी नोकरीत ज्याने ‘करता येईल’ असं केलं, तो अडचणीत आला. ज्याने केलं नाही, तो निवृत्त झाला.

आता ज्या गोष्टीबद्दल सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही, तिच्याकडे वळू. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला वाटा हवा असेल तर आपण कोण ते सांगावं लागतं. १ जुलै २०२०पासून उद्यम नोंदणी आली. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे, पाच-दहा मिनिटांत होते. तिच्या प्रमाणपत्रावर उद्योगाचं नाव, पत्ता, प्रकार याबरोबर उद्योजकाचा सामाजिक प्रवर्ग छापलेला असतो. सरकारला तो दाखवायला हरकत नाही. पण हेच प्रमाणपत्र बँक मागते, आणि अलीकडे खासगी कंपन्याही मागतात. आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं तेव्हापासून सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, म्हणून प्रत्येक कंपनीचा हिशेब विभाग पुरवठादारांकडून उद्यमची प्रत मागवून फायलीला लावतो. वर्षाला सरकारकडून एखादं काम मिळेल न मिळेल, त्यासाठी बाकीच्या गिऱ्हाइकांच्या टेबलावर आपली जात छापून ठेवायची का, असा हा सौदा आहे.

हा प्रश्न काल्पनिक वाटत असेल त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र आठवावं. १९१७-१८च्या सुमारास, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आंबेडकरांनी मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीबद्दल सल्ला देणारी पेढी काढली होती. गिऱ्हाईक येऊ लागलं होतं. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि पेढी बंद पडली. सल्ला तोच होता, आकडे तेच होते. शंभर वर्षांनी सरकार त्या माणसाच्या वारसाला सांगतं आहे की तुझा वाटा राखून ठेवला आहे, फक्त सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल अशा कागदावर तुझा प्रवर्ग लिही. प्रवर्गाची नोंद सरकारच्या यंत्रणेत राहावी आणि बाहेर दाखवायच्या प्रतीवर छापू नये, एवढी साधी सोय करायला किती खर्च येईल? पोर्टल आहेच. एक टिकमार्क वाढेल.

सरकारी खरेदीत दलित उद्योजकांना वाटा असावा ही मागणी आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १९६९ साली निक्सन यांनी आदेश काढून अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी वेगळं कार्यालय उघडलं. तिथूनच पुढे सरकारने कृष्णवर्णीयांच्या आणि इतर मागे ठेवलेल्या समाजांच्या फर्मकडून ठरवून खरेदी करायची पद्धत रुजत गेली. तिला ते ‘सप्लायर डायव्हर्सिटी’ म्हणतात. चंद्रभान प्रसाद यांनी हा विचार इथे आणला आणि जानेवारी २००२च्या भोपाळ घोषणापत्रात तो आला. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी ‘डिक्की’, म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, स्थापन केली आणि ही मागणी उद्योजकांच्या भाषेत मांडायला सुरुवात केली. २०१२च्या आदेशातले ४ टक्के दिल्लीच्या उदारतेतून आलेले नाहीत, त्यामागे हा रेटा आहे.

पण अमेरिकेतून आपण टक्का घेतला आणि वाट तिथेच ठेवली. तिकडच्या ‘एट-ए’ योजनेत फर्म एकदा पात्र ठरली की नऊ वर्षांपर्यंत ती योजनेत राहू शकते. एका मर्यादेपर्यंतचं काम खात्याने स्पर्धा न घेता थेट अशा फर्मला दिलं तरी कायद्याने चालतं. माहिती तंत्रज्ञानासाठी तर अशा फर्मचा ‘स्टार्स’ नावाचा वेगळा करारच आहे. अधिकाऱ्याला लहान फर्म निवडल्याबद्दल खुलासा द्यावा लागत नाही, कारण ती वाट कायद्याने आखून दिलेली आहे. २०१५ साली तर तिथल्या केंद्र सरकारच्या ‘एटीन-एफ’ या तंत्रज्ञ गटाने आणखी पुढे जाऊन पाहिलं. साडेतीन हजार डॉलरच्या आतली खरेदी साध्या पद्धतीने करता येईल, या तेव्हाच्या नियमाचा फायदा घेऊन त्यांनी सॉफ्टवेअरचे बारके तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचा उलटा लिलाव लावला. पहिलाच लिलाव एका डॉलरला गेला! एका डॉलरमध्ये काम झालंही, आणि चांगलं झालं. त्या एका डॉलरमध्ये धडाही आहे. नवख्याला पैशाइतकाच सरकारी कामाचा दाखला हवा असतो. तो मिळवायला तो फुकटही राबेल, आणि सगळ्यात कमी भावालाच काम द्यायचं ठरवलं तर हे राबणं कायमचं होईल.

तिकडे सगळं गोडगोड आहे असंही नाही. जुलै २०२३मध्ये टेनेसीतल्या एका संघीय न्यायालयाने ठरावीक वंशाचा माणूस म्हणजे मागे ठेवला गेलेला, हे ‘एट-ए’मधलं गृहीतकच रोखलं. त्यामुळे अर्जदारांना आपल्या वाट्याला आलेल्या अन्यायाची कहाणी स्वतः लिहून द्यायची वेळ आली. वंचितांच्या लहान उद्योगांसाठीचं ५ टक्क्यांचं लक्ष्य बायडन सरकारने १५पर्यंत न्यायचं ठरवलं होतं, २०२५मध्ये ट्रम्प सरकारने ते परत ५वर आणलं. ‘एटीन-एफ’लाही त्याच वर्षी टाळं लागलं. राजकारण फिरलं की या योजना डळमळतात. आपल्याकडे निदान तो प्रश्न नाही. ४ टक्के काढून टाका असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. न पाळूनही चालतं म्हटल्यावर काढायचं कशाला?

उलट ‘लहान’ या शब्दाचं पोट आपण वाढवत नेलं. १ एप्रिल २०२५पासून २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु धरला जातो. आधी हीच मर्यादा १० आणि ५० कोटींची होती. महागाई वाढली, उद्योगांनी वाढायला बिचकू नये, ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण खरेदीच्या रांगेत आता ९० कोटींचा ‘लघु’ उद्योग आणि ९ लाखांचा ‘सूक्ष्म’ उद्योग एकाच सवलतीसाठी उभे आहेत. २५ टक्के कुणाकडून पुरे होणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ते पुरे झाले की खातं निवांत.

महिलांच्या ३ टक्क्यांचं दुखणं वेगळं. तिथे ५१ टक्के मालकी महिलेची असावी लागते, आणि ती कागदावर करणं आपल्या समाजात कुणाला अवघड गेलेलं नाही. ग्रामपंचायतीतला ‘सरपंचपती’ आता टेंडरमध्येही भेटतो. बैठकीला तो येतो, दर तो ठरवतो, सहीपुरता डिजिटल सहीचा टोकन बायकोच्या नावाचा. हे सगळीकडे असंच आहे असं म्हटलं तर स्वतः फर्म चालवणाऱ्या बायकांवर अन्याय होईल, आणि पुण्या-नाशकात अशा बायका पुष्कळ आहेत. मालकी कुणाची हे कागद सांगतो. काम कोण चालवतं, हे खात्याने एकदा त्या फर्मशी बोलून पाहिलं तरी कळेल. ते बोलणं कुठल्याच पोर्टलमध्ये नाही.

काम मिळालं, केलं, हातावेगळं झालं. आता पैसे. अनामत माफ असते, पण काम मिळाल्यावरची बँक गॅरंटी माफ नसते. किमतीच्या तीन ते पाच टक्के रक्कम बँकेत अडकते, कारण लहानाला बँक पूर्ण रोख ठेवल्याशिवाय गॅरंटी काढून देत नाही. माल किंवा सेवा पोचली की खात्याने दहा दिवसांत ‘सीआरएसी’ काढायचा, म्हणजे स्वीकृतीचा दाखला, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असं ‘जेम’चं वेळापत्रक. कायद्याने मुदत फार तर ४५ दिवस, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. संगणक पोचला की मोजून घेता येतो. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. ‘हा रिपोर्ट जरा असा हवा होता’, ‘साहेब बदलले, नव्या साहेबांना दाखवू’, यात सीआरएसी अडकून पडतो. आणि तो निघेपर्यंत पैसेही अडकून राहतात. व्याज मागायला जायची हिंमत करणारे आहेत, सरकारच्या पोर्टलवर तक्रारी जातात. पण पाच जणांच्या फर्मला त्याच खात्याकडून पुढचं काम हवं असतं, त्यामुळे ती व्याज मागत नाही, मुद्दलच मागते, तेही चहा पिऊन, हसत हसत.

यावर उपाय म्हणून आणखी एक पोर्टल, आणखी एक शिबिर, आणखी एक मेळावा नको. २०१६पासून राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब आहे, प्रशिक्षणं होतात, प्रदर्शनं भरतात. शिकवायचंच असेल तर टेंडर भरणाऱ्याइतकंच टेंडर काढणाऱ्यालाही शिकवायला हवं. पहिल्या पानावरचा तो रकाना आधीच ‘यस’ भरून यावा. ‘नो’ करायचा असेल त्याने कारण लिहावं, आणि ते कारण बिडबरोबर सगळ्यांना दिसावं. एवढं केलं तरी अर्ध्या बिडांतले ‘नो’ गळून पडतील, कारण लिहिण्यासारखं कारण फारसं कुणाकडे नसतं. सॉफ्टवेअर, यंत्रं आणि माणसं ही तीन कामं एका बिडमध्ये घालायची असतील तर तसं का, हेही लिहावं लागावं. पोटकंत्राटावर काम घेणाऱ्या फर्मचं नाव मुख्य कंपनीने जाहीर करावं आणि काम झाल्यावर खात्याने त्या फर्मला तिच्या हिश्शाचा दाखला द्यावा. याला पैसा लागत नाही. न भरलेले ४ टक्के लगेच इतरांच्या खात्यात न टाकता एक वर्ष तरी पुढे ओढावेत. नोकरीत जे चालतं ते खरेदीत का चालू नये?

कुणी म्हणेल, अटी सैल केल्या की दर्जा ढासळेल. ज्या सरकारी संकेतस्थळांवर फॉर्म भरताना शेवटच्या पानावर सगळं पुसलं जातं आणि मुलं सायबर कॅफेत रात्र काढतात, ती बहुतेक भल्यामोठ्या उलाढालीच्या कंपन्यांनीच बांधलेली आहेत. उलाढालीने दर्जा येत असता तर हे दिसलं नसतं. दर्जा तपासायचा तर आधी छोटं नमुन्याचं काम द्यावं, पैसे देऊन द्यावं, आणि ते बघून मोठं द्यावं. घरात सुतार लावतानाही आपण आधी एक खिडकी करून घेतो.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा उरतो. २०१२चा आदेश केंद्राची मंत्रालयं आणि उपक्रम यांच्यापुरता आहे. राज्याची खाती, महापालिका, जिल्हा परिषदा यांच्यावर तो चालत नाही. त्या आपल्या नियमांनी आणि बरीचशी ‘महाटेंडर्स’ या राज्याच्या पोर्टलवरून खरेदी करतात. शाळांचे टॅब, ग्रामपंचायतींचं सॉफ्टवेअर, पाणीपट्टीची ऑनलाइन बिलं, वसतिगृहांचे प्रवेश ही लहान फर्मला झेपणारी कामं बहुतांशी राज्याच्याच हातची आहेत. डिक्की ज्या राज्यात जन्मली त्या राज्याने दिल्लीची वाट बघण्याचं कारण नाही. सूट गृहीत धरावी, ती नाकारायची असेल तर कारण जाहीर करावं, सॉफ्टवेअरची टेंडरं यंत्रांपासून तोडावीत आणि पोटकंत्राटात राबलेल्या फर्मला दाखला मिळावा, या चार गोष्टींसाठी विधिमंडळात विधेयक आणावं लागत नाही. राज्याच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ला उद्योग विभागाच्या शासन निर्णयानेच आली होती. तिच्यात ही दुरुस्ती करायलाही तेवढाच एक शासन निर्णय पुरतो.